वेशीपर्यंतचं खोटं

बोरीत कुणाच्या घरी मयत झालं की दोन माणसं घराबाहेर पडतात. एक लाकडांच्या सोयीला जातो आणि दुसरा सूर्यभानच्या दारात. सूर्यभान कसं झालं, कधी झालं असलं काही विचारत नाही. लेक कुठं दिलेली आहे, एवढंच विचारतो. मग खुंटीवरची टोपी डोक्यावर ठेवतो, पायात चपला सरकवतो आणि स्टँडवर जाऊन उभा राहतो. गेलेल्या माणसाच्या लेकीला सासरहून आणायचं काम गावानं त्याच्याकडे कधी दिलं, हे आता कुणालाच सांगता येत नाही. त्यानं ते मागून घेतलेलं नाही. पण तीस वर्षं झाली, ते त्याचंच आहे. एरवी त्याची तीन एकर कोरडवाहू आहे, एक म्हैस आहे आणि चारचौघांसारखा संधिवात आहे.

या कामाची त्यानं स्वतःची रीत बसवलेली होती. लेकीच्या दारात गेल्यावर एकच वाक्य बोलायचं, तब्येत जास्त हाय, तुला बघायचं म्हनतेत. तोंडावरची माशी हलू द्यायची नाही. रस्त्यात तिला काहीतरी खाऊ घालायचं, कारण गावात पाय ठेवल्यावर आग दिल्याशिवाय तिच्या पोटात कण जाणार नसतो. तिचा बाप किंवा आई कशी होती, त्यांनी कधी काय गंमत केली, ते सांगत राहायचं, म्हणजे तिचं मन रमतं. वेस आली की मारुतीच्या पारापाशी थांबायचं आणि म्हणायचं, बाई, आता मन घट कर. तिथं आळीतल्या बाया उभ्याच असतात, त्या तिला सावरून धरतात. सूर्यभान तेवढ्यात मागच्या लिंबाखाली जाऊन बसतो. रडणं ऐकू येईनासं झालं, की उठून घरी येतो आणि आंघोळ करतो.

सव्वीस लेकी त्यानं अशा आणल्या. एक सोडली तर कुणीही परक्या माणसांत, गाडीत, स्टँडवर हंबरडा फोडला नाही. याचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवायची त्याला गरजही वाटत नसे.

मोबाइल आले आणि हे काम जिवावरचं झालं. पूर्वी एक सूर्यभान गप्प बसला की पुरत होतं, आता गावातल्या प्रत्येक खिशात एकेक बोलणारं यंत्र आलं. माणूस खाटेवरून खाली घेतलेला नसतो तोवर त्याचा हार घातलेला फोटो स्टेटसला लागतो आणि खाली भावपूर्ण श्रद्धांजली. मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालायला जो कधी फिरकला नाही, तो इथं पहिला. फोटोही कुठल्या तरी लग्नातला, फेटा बांधलेला आणि हसरा असतो. तो बघून सासरी बसलेल्या लेकीचं काय होत असेल, याचा विचार करायला बोटांना सवडच नसते.

जी एक सोडली, ती धुरपताबाई. पाच वर्षांपूर्वी तिला सेलूहून जीपनं आणताना डायव्हरचा फोन वाजला. तो गाडीच्या स्पीकरला जोडलेला होता. डायव्हरनं सवयीनं बटण दाबलं आणि सगळ्या जीपभर आवाज घुमला, मयताला अजून किती वेळ हाय, लाकडं आली. धुरपताबाई चालत्या जीपचं दार उघडायला लागली. सूर्यभाननं तिला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. तिच्या फुटलेल्या बांगडीचा वण त्याच्या मनगटावर अजून आहे. तेव्हापासून ती समोर आली तर तोंड फिरवून जाते. त्या जीपमुळंच, असं सूर्यभाननं मनाशी धरलेलं. तेव्हापासून त्यानं खासगी गाडी बंद केली. एसटी आणि रेल्वे. तिथं निदान डायव्हर ओळखीचा नसतो.

सत्ताविसावी लेक दिनकररावांची निघेल, असं मात्र त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. दिनकरराव म्हणजे त्याच्या बरोबरीचे, एका पाटीवर शिकलेले. ते पुढं गुरुजी झाले आणि हा नांगरामागं राहिला, तरी बसणंउठणं एकत्र. त्या बुधवारी पहाटे पाचला गुरुजी मोरीकडे जायला उठले, छातीला हात लावून उंबऱ्यावर बसले ते बसलेच. त्यांच्या बायकोनं, पार्वतीबाईंनी, हाक मारली तेव्हा शेजारचा सूर्यभानच आधी धावला. आज आपल्यालाच हंबरडा फोडावा असं त्याला वाटलं, आणि तेवढ्यात पार्वतीबाई म्हणाल्या, भाऊजी, प्रियांकाला कोण आणणार. तो टोपी घ्यायला गेला.

प्रियांका गुरुजींची एकुलती एक. पूर्णेला दिलेली, नवरा हरिओम तिथंच रेल्वेत. हरिओमला फोन करून खरं सांगितलं. त्याची ड्युटी बारापर्यंत होती, तो परस्पर येणार होता आणि बायकोला काही बोलणार नव्हता. राहता राहिलं गाव. सूर्यभाननं स्टँडवर उभ्या उभ्या फोन काढला. बोटं जाड, अक्षरं टाइप करणं जमत नाही, म्हणून पुतणी अबोलीनं त्याला माइक दाबून बोलायचं शिकवलं होतं. त्यानं भावकीच्या ग्रुपवर बोलून टाकलं. सूर्यभान बोलतोय. दिनकर गुरुजी पहाटं गेले. त्येंच्या प्रियांकाला आणायला निघालोय, तिला कळता कामा नये. दोन वाजूस्तोर कुणी स्टेटस लावायचा न्हाई, फोटू टाकायचा न्हाई. जो टाकील त्याच्या दारचं पाणी मी पिणार न्हाई.

तेव्हा सहा वाजून बत्तीस मिनिटं झाली होती. भावकीनं ऐकलं, हे मानायला पाहिजे. कुणाचाही स्टेटस लागला नाही.

साडेनऊला तो पूर्णेला पोचला. प्रियांका भाकरी थापत होती. सूर्यभान काकाला दारात बघून तिचा हात परातीतच थांबला. हा माणूस दारात दिसण्याचा अर्थ बोरीच्या प्रत्येक माहेरवाशिणीच्या कानावरून गेलेला असतो. सूर्यभान एक वाक्य बोलला. मग ती जे विचारेल त्याला दुसरं खोटं जोडत गेला. गुरुजी दवाखान्यात आहेत, शुद्धीत आहेत, डॉक्टरनं बोलू नका म्हटलंय. आई जवळ आहे, आतल्या वॉर्डात फोन लागत नाही. हरिओमला कळवलंय, तो मागून येतो. तिनं त्याच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. त्याच्या तोंडावरची माशी हलली नाही. तिनं चार्जिंगला लावलेला फोन काढून पर्समध्ये टाकला आणि साडी बदलून आली.

परभणीच्या रेल्वेत खिडकीपाशी जागा मिळाली. गाडी सुटताच तिनं फोन बाहेर काढला. रात्री अण्णांचा, म्हणजे गुरुजींचा, आवाजातला मेसेज आला होता, पाहुणे होते म्हणून ऐकायचा राहिला, आता ऐकते, असं म्हणाली. फोन उघडला की त्यात काय काय दिसेल, कुणी सांगावं. सूर्यभान म्हणाला, बाई, अशा गर्दीत घरातलं बोलणं मोठ्यानं लावू नये. चार लोक ऐकतेत. निवांत घरी ऐक. हे त्यानं इतक्या वडीलकीनं सांगितलं की तिला ते पटलं. शिस्तीचं म्हणून जे सांगितलं ते निव्वळ भीतीपोटी होतं, हे त्यालाच ठाऊक.

मग त्यानं तिचं मन रमवायला घेतलं. पिशवीतून चार केळी काढली, एक सोलून तिला दिलं, चहा घेतला. शाळेत असताना हेडमास्तरांची सायकल पळवून दिनकर आणि तो म्हशीच्या कळपात कसे घुसले, ते सांगितलं. म्हशीच्या शिंगाला सायकलची घंटी अडकली आणि म्हैस गावभर वाजत फिरली. प्रियांका ओठ दाबून बसली होती, पण घंटीपाशी तिला हसू आवरलं नाही. पदरानं डोळे पुसत ती हसली आणि म्हणाली, हे अण्णांनी कधी सांगितलंच नाही. सूर्यभानला बरं वाटलं.

गाडी पिंगळीला थांबली, समोरून दुसरी यायची होती. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. अबोलीचा. त्याच्या फोनचा आवाज शेजारच्या बाकड्यापर्यंत जातो हे त्याला माहीत होतं, म्हणून तो दारापाशी गेला.

"काका, तुमी भावकीच्या ग्रुपात बोललात ना," अबोली घाईघाईनं म्हणाली, "त्यात प्रियांकाताई हाय."

सूर्यभानला आधी कळलंच नाही. लेकींचा भावकीच्या ग्रुपात काय संबंध, असं त्यानं विचारलं. तेव्हा अबोलीनं सांगितलं की भाऊबीजेला गुरुजींनीच सगळ्या लेकींची नावं घातली होती. लेकी काय भावकीच्या बाहेरच्या आहेत का, असं म्हणाले होते. ताईनं ग्रुपचा आवाज बंद करून ठेवला असेल, म्हणून अजून उघडला नसेल. पण उघडायला किती वेळ लागतो.

दाराची दांडी धरून तो म्हणाला, तू काढ ना माय तो. अबोली म्हणाली, मला काढता येत नाही. तुमच्या फोनवरून निघेल, नाहीतर ॲडमिनला काढता येईल. आणि ॲडमिन गुरुजी होते.

मग तिनं एकेक पायरी सांगितली. मेसेजवर बोट दाबून धरा. सोडू नका. वर कचऱ्याच्या डब्याचं चित्र येईल, ते दाबा. मग सगळ्यांसाठी काढा असं येईल, तेच दाबा, दुसरं दाबू नका. सूर्यभाननं बोट धोतराला पुसलं आणि मेसेजवर ठेवलं. ते दाबून धरायच्या ऐवजी नुसतं टेकलं. फोनमधून त्याचाच आवाज खणखणीत निघाला, सूर्यभान बोलतोय, दिनकर गु... त्यानं फोन छातीशी दाबला, वर दोन्ही तळवे ठेवले आणि आवाज सदऱ्यात कोंडला. दारातली दोन माणसं त्याच्याकडे बघायला लागली. त्यानं मान वळवून आत पाहिलं. प्रियांका पर्समध्ये काहीतरी शोधत होती. त्याला वाटलं, फोनच शोधतेय. रुमाल निघाला.

दुसऱ्यांदा बोट नीट बसलं. डबा आला, तो दाबला, मग सगळ्यांसाठी. मेसेज गेला. त्याच्या जागी फिकट अक्षरात एक ओळ उरली, पण ती आपली आपल्यालाच दिसत असणार, असं त्यानं धरलं. अबोलीलाही एवढ्या घाईत ते सांगायचं सुचलं नाही. जागेवर येऊन बसला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. काका, बरं वाटत नाही का, असं प्रियांकानंच त्याला विचारलं.

परभणीच्या स्टँडवर बोरीवरून जाणारी जिंतूरची बस लागलेलीच होती. दोघांना मधलं बाकडं मिळालं. पुढच्या बाकड्यावरचा एक पांढऱ्या शर्टातला माणूस फोनवर एकामागून एक विनोदी व्हिडिओ लावून बसला होता, पूर्ण आवाजात. एरवी सूर्यभाननं त्याला दोन शब्द सुनावले असते. आज त्याला तो आवाज हवासाच वाटला, कारण त्या गोंगाटात प्रियांकाला काही ऐकता येणार नव्हतं. झरी गाव मागं पडलं. आता अर्धा तास. वेशीवर बाया थांबल्या असतील, आणि सगळं रीतीप्रमाणं होईल, असं त्याला पहिल्यांदा वाटलं.

तिनं फोन काढला तेव्हा त्यानं अडवलं नाही. अडवायला आता काही उरलं नव्हतं. दुसऱ्याच्या फोनमध्ये डोकावू नये हे त्यालाही कळत होतं, तरी तो तिरक्या नजरेनं बघत राहिला. तिनं भावकीचा ग्रुप उघडला. कालच्या कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. त्याखाली त्याचं नाव, आणि तीच फिकट ओळ. हा मेसेज काढून टाकला आहे.

ती ओळ तिच्याही फोनवर होती. त्यापुढं वेळही होती.

प्रियांका त्या ओळीकडे बघत राहिली. बस एका खड्ड्यातून गेली, तिचा हात हलला, नजर हलली नाही. मग तिनं त्याच्याकडे न बघताच विचारलं.

"काका, सकाळी सहा बत्तीसला तुमी ग्रुपवर काय टाकलं होतं?"

चुकून बोट लागलं असंल, असं तो म्हणाला. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्याचं खोटं त्यालाच खोटं ऐकू आलं.

"अण्णा गेले का?"

सूर्यभाननं बाहेर पाहिलं. वेस अजून लांब होती. पार नाही, बाया नाहीत, मागचा लिंब नाही. पुढच्या बाकड्यावर कुणीतरी खदाखदा हसत होतं. त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "पहाटं पाचला. तरास झाला न्हाई, बाई."

ती ओरडली नाही. दाराकडेही गेली नाही. पुढच्या बाकड्याची दांडी तिनं घट्ट धरली. खरं कळलेल्या लेकीच्या शेजारी सूर्यभान असा कधी बसून राहिला नव्हता.

"पाचला," ती म्हणाली. "म्हणजे मी पिंगळीच्या अलीकडं केळं खाल्लं, तेव्हा अण्णा घरात पडलेले होते. तुमी मला म्हशीचं सांगितलं. मी हसले, काका. माझे वडील जाऊन पाच तास झालेले, आणि मी गाडीत हसत होते. हे आता मी कुठं ठेवू?"

तुझ्या भल्यासाठीच, असं तो पुटपुटला.

"धुरपताबाई तुमच्याशी कामून बोलत नाही, ठाऊक हाय का तुमाला? जीपमधल्या त्या फोनमुळं नाही. भाऊबीजेला आमी सगळ्या बसलो होतो तेव्हा ती बोलली. सेलूपासून तुमी तिला तिच्या आईच्या गमती सांगितल्या, आणि ती हसली. ते हसणं तिला अजून झोपू देत नाही म्हणाली. फोननं निदान खरं तरी सांगितलं, म्हणाली."

सूर्यभानचा हात आपोआप मनगटावरच्या वणावर गेला. पाच वर्षं तो एका डायव्हरला शिव्या देत होता. खायला घातलं, हसवलं, वेशीवर सोडलं आणि आपण लिंबाआड गेलो. ज्या घटकेला माणूस लागतं त्या घटकेला आपण कधी कुणाजवळ नव्हतोच. हे सगळं त्याला त्या बाकड्यावर एकदम कळलं, आणि उठून जायला चालत्या बसमध्ये जागा नव्हती. चुकलो बाई, एवढंच तो म्हणाला, तेही इतक्या हळू की तिला ऐकू आलं की नाही कोण जाणे.

तिनं फोन त्याच्यापुढं धरला. गुरुजींचं नाव होतं, रात्रीचे नऊ चाळीस, आणि न ऐकलेला मेसेज.

"तुमीच लावा. माझं बोट जाईना."

त्यानं लावला. आवाज कमी कसा करतात ते त्याला माहीत नव्हतं. दिनकररावांचा आवाज पूर्ण बसमध्ये आला, शाळेत पाढे म्हणून घ्यायचे तसा सावकाश आणि स्वच्छ. प्रिये, झोपलीस का गं. बरं, झोप. तुझ्या आईनं तुरीची डाळ भरडून ठेवलीय. सूर्यभान परवा पूर्णेला येतो म्हणत होता, त्याच्याजवळ देतो. त्याला जेवल्याशिवाय सोडू नको, तो रस्त्यात काही खात नाही, बावळट आहे. ठेवतो.

पुढच्या माणसानं मागं वळून पाहिलं. प्रियांकाचं तोंड बघून त्यानं आपला फोन बंद केला आणि खिशात ठेवला. बसमध्ये नुसता इंजिनाचा आवाज राहिला.

"सकाळपासून काही खाल्लंय का तुमी?" तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली. तिनं त्याच्या पिशवीतून केळं काढलं, सोललं आणि त्याच्या हातात दिलं. खा, म्हणाली, अण्णांनी सांगितलंय. सूर्यभाननं एक घास घेतला. भर बसमध्ये, परक्या लोकांत, टोपी तोंडावर धरून तो रडायला लागला. दिनकर, दिनकर, असं म्हणत राहिला. पहाटेपासूनचं सगळं तेव्हा निघालं. आणि मग तिलाही रडू फुटलं. कंडक्टर तिकिटं द्यायला आला होता, तो तसाच मागं गेला.

वेशीवर बस थांबली. पारापाशी बाया उभ्या होत्या. सूर्यभान एरवीचं वाक्य म्हणेल म्हणून त्या थांबल्या, पण प्रियांकाचे डोळे बघून तिला आधीच कळलंय हे त्यांनी ओळखलं. त्या पुढं आल्या, त्यांनी प्रियांकाला धरलं. सूर्यभान सवयीनं लिंबाकडे वळला. त्याचं मनगट मात्र तिच्या हातात होतं, आणि तिनं ते सोडलं नाही.

"चला," ती म्हणाली. "मला एकटीला जाववत नाही."

तो तिच्याबरोबर चालत गेला. गुरुजींच्या दारात माणसांनी वाट दिली, आणि सूर्यभान तिला घेऊन आत गेला.